आगीसमोरची दरज

१६३१ च्या मार्चमध्ये बोस्टनच्या कोवळ्या वसाहतीत शार्प नावाच्या गृहस्थाच्या घराचं धुरांडं पेटलं. धुरांडं लाकडी चिपांचं होतं आणि वरच्या टोकाला मातीचं लिंपण द्यायचं राहून गेलं होतं. आगीनं छपराचं गवत धरलं, वाऱ्यानं ती दुसऱ्या घरावर नेली. वसाहतीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रप यानं रोजनिशीत ही आग नोंदवताना लिंपणाचा तेवढा तपशील गाळला नाही. पुढे जे नवं गाव वसवायचं होतं, तिथे लाकडी धुरांडी आणि गवती छपरं यांना बंदी झाली.

धुरांडी विटांची झाली, तरी आगीला लागणारी फट काही संपली नाही. ती विटांच्या सांध्यांत येऊन बसली.

न्यू इंग्लंडमधल्या जुन्या घरांत शेकोटी पाहताना नजर आधी कोरीव चौकटीवर आणि वरच्या फळीवर जाते. खरं काम मात्र आत, काजळीमागे असतं. लाकडं जिथे जळतात तो विटांचा कोनाडा म्हणजे फायरबॉक्स. त्याला आजचा आकार देण्यात मोठा वाटा आहे बेंजामिन थॉम्प्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड याचा. १७५३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वोबर्न गावी जन्मलेल्या या माणसानं १७९६ मध्ये लंडनला शेकोट्यांवर निबंध छापला. कोनाडा उथळ करा, पाठीची रुंदी तोंडाच्या एक तृतीयांश ठेवा, बाजू तिरक्या करून उष्णता खोलीत फेका, धुराचा गळा चार इंचांवर आणा, असं त्याचं सांगणं. चारच वर्षांत व्यंगचित्रकार गिलरेनं कोटाचे सोगे वर करून शेकोटीला पाठ शेकणारा रम्फर्ड चितारला, इतका त्याचा बोलबाला झाला. शेकोटीत लोखंड नको, वीट किंवा दगड हवा, हा त्याचा आग्रह अजूनही बरोबर ठरतो.

वीट मात्र साधी चालत नाही. फायरक्ले म्हणजे उच्च तापमानाला टिकणाऱ्या मातीची, पिवळसर, अंगानं भरीव वीट लागते. अमेरिकेत तिचं नेहमीचं माप नऊ बाय साडेचार बाय अडीच इंच. ती सहसा दगा देत नाही. दगा देते ती दोन विटांमधली दरज.

बांधकामातली बहुतेक माणसं सिमेंटवर विश्वास ठेवतात, आणि इथेच घोटाळा होतो. सिमेंट घट्ट होतं तेव्हा पाणी त्याच्या घडणीचाच भाग बनतं, म्हणून तर आपला गवंडी ताज्या बांधकामावर दिवसचे दिवस पाणी मारत राहतो. पण साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सियसला त्यातल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडमधलं पाणी उडतं आणि मागे चुनकळी उरते. आग विझते, दमट दिवस येतात, चुनकळी हवेतला ओलावा ओढून पुन्हा फुगते. मसाल्यातल्या वाळूचं वेगळंच. ५७३ अंशांना क्वार्ट्‌झच्या स्फटिकाची रचना बदलते आणि तो एकदम प्रसरण पावतो. असे काही हिवाळे गेले की जी दरज छिन्नीलाही दाद देत नव्हती, ती नखानं उकरता येते.

म्हणून इथला मसाला निराळा. फायरक्ले, भाजलेल्या मातीचा बारीक चुरा आणि काहींत सोडियम सिलिकेट. भाजल्यावर तो विटेच्याच जातीचा होतो, तिच्याइतकाच फुगतो आणि आकसतो. दुसरा प्रकार कॅल्शियम अॅल्युमिनेट सिमेंटचा. त्याचं पेटंट फ्रान्समध्ये लाफार्ज कंपनीच्या झ्यूल बिएद यानं १९०८ मध्ये घेतलं होतं.

अमेरिकेची घरबांधणीची आदर्श नियमावली फायरब्रिकमधली दरज जास्तीत जास्त पाव इंच, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटर, मान्य करते. कसबी गवंडी तीन मिलिमीटरच्या आतच राहतो. साध्या भिंतीत जाड मसाला विटांचा वाकडेपणा झाकतो, इथे ती सोय नाही. म्हणून तो विटा आधी कोरड्याच मांडून पाहतो. मसाला दाट दह्याइतका सैल करतो, विटेला पातळ थर लावतो किंवा तिची कड त्यात बुडवतो, ती जागेवर घासत सरकवतो आणि थापीच्या मुठीनं हलकेच ठोकतो. जादा मसाला बाहेर येतो, तो पुसला जातो. दरजेत उरतो तो फक्त विटांना बसण्यापुरता. इतकी कमी सामग्री वापरण्यासाठी इतकी सफाई लागावी, हे या कामातलं सगळ्यात देखणं अंग आहे.

दुरुस्तीला मात्र हाच देखणेपणा आडवा येतो.

भुसभुशीत मसाला सुमारे १२ मिलिमीटर खोल खरवडायचा, धूळ काढायची, कडा ओलसर करायच्या, अरुंद पट्टीनं नवा मसाला आत दाबायचा, उत्पादकानं सांगितलेला काळ थांबायचं आणि मग छोट्या छोट्या आगींनी तो हळूहळू तापवायचा. पण तीन मिलिमीटरच्या फटीत ग्राइंडर शिरत नाही. शिरलाच तर विटेची कड खातो आणि पातळ दरज कायमची जाड होते. हातानं खरवडायला वेळ लागतो, आणि या कामात उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते. जुन्या भट्टी-सिमेंटमध्ये, म्हणजे भट्ट्यांच्या दरजा भरायच्या तयार मसाल्यात, अॅस्बेस्टॉस असण्याचीही शक्यता असते. ते तपासल्याशिवाय छिन्नी लावू नये.

शिवाय प्रत्येक भेग भरायची नसते. थंड असताना दिसणारी केसाएवढी रेघ आग पेटली की विटा फुगून मिटते. तिच्यात कडक मसाला ठासला तर विटांना फुगायला जागा राहत नाही आणि त्यांच्या कडांचे टवके उडतात. रुंदावत जाणारी, आरपार गेलेली भेग मात्र सोडून चालत नाही, कारण तिच्यातून उष्णता मागच्या लाकडापर्यंत पोचू शकते. शेकोटीच्या मागच्या बाजूनं चार इंच आणि इतर बाजूंनी दोन इंच अंतरात लाकूड नको, असा नियम आहे. पण जुन्या घरांत तो पाळला गेला असेलच असं नाही. आणि वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड नव्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेटू शकतं. हे लाकूड भिंतीमागे असतं, खोलीतून दिसत नाही.

तीच दरज पुन्हा पुन्हा उघडत असेल तर कारण बहुधा दुसरीकडे असतं. पाया खचलेला असतो, आतलं अस्तर बाहेरच्या भिंतीशी जखडलेलं असतं, किंवा धुरांड्याच्या माथ्यावरून पाणी उतरत असतं. काही तयार मसाले पुरेसे भाजले जाईपर्यंत पाण्यात विरघळतात. त्यामुळे माथा दुरुस्त न करता खाली दरजा भरणं म्हणजे पैसे आगीत घालणं.

सगळ्यात अवघड अवस्था होते ती आधीच्या कुणी घाईनं सिमेंट भरून ठेवलेल्या शेकोटीची. आत पिठूळ झालेलं ते सिमेंट कडांना मात्र घट्ट धरून बसतं आणि काढताना विटाच फोडतं. घर फायरब्रिकच्या आधीच्या काळातलं असेल तर साध्या विटांची मापं आजच्या नऊ इंचांशी जुळत नाहीत. एक वीट बदलायची तर थर बिघडतो, थर सांभाळायचा तर दरज जाड होते. अशा वेळी अख्खं अस्तर उतरवून ते नव्यानं बांधायला लागतं.