कच्च्या कैद्यांना विधी विद्यार्थ्यांचा आधार

खटल्याचा निकाल लागेपर्यंत कच्चा कैदी कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असतो. तरीही जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी अनेकांचा तुरुंगवास लांबतो. आंबा बागायतीत वा मासेमारी नौकांवर राबण्यासाठी आलेल्या परप्रांतीय मजुराला सिंधुदुर्गात ओळखीचा जामीनदार कोठून मिळणार? जामीनदार परजिल्ह्यातील आहे, एवढ्याच कारणाने तो नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मोतीराम खटल्यात स्पष्ट केले. परंतु ही गोष्ट कोठडीतील मजुराला सांगणार कोण?

येथेच विधी महाविद्यालयांतील विद्यार्थी उपयोगी पडतात. सनद नसल्याने त्यांना न्यायालयात युक्तिवाद करता येत नाही. मात्र, विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक म्हणून ते कैद्याला लावलेली कलमे, अटकेचा दिनांक आणि पुढील तारीख यांची नोंद करू शकतात, घरच्यांना निरोप देऊ शकतात आणि मोफत वकिलासाठी अर्ज लिहून देऊ शकतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्ती उत्पन्नाची अट न लावता या साहाय्यास पात्र ठरते. सिंधुदुर्गनगरी (ओरोस) येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे असा अर्ज करता येतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मुळे दिवसांच्या या नोंदीला विशेष महत्त्व आले आहे. कमाल शिक्षेच्या निम्मा, तर पहिल्याच गुन्ह्यातील आरोपीने एक तृतीयांश काळ कोठडीत काढल्यास सुटकेचा मार्ग खुला होतो. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित खटले यांना मात्र ही सवलत नाही. दिवसांचा हिशेब कोणी मांडलाच नाही, तर हा हक्क कागदावरच राहतो.