पिल्लांचे अधू पाय

कोंबडीचे पिल्लू कवचाबाहेर पडल्यावर काही तासांतच आपल्या पायांवर उभे राहते व स्वतःचा दाणा स्वतः टिपू लागते. मनुष्याच्या अपत्यास मिळणारी वर्षभराची सवलत निसर्गाने त्याला दिलेली नाही. म्हणून ज्याचे पाय अधू, त्यास दाणापाणी दुर्लभ होते, भावंडांच्या गर्दीत ते तुडवले जाते, आणि पालकाच्या दप्तरी 'अशक्त' एवढाच शेरा मागे राहतो. वस्तुतः अशी पुष्कळ पिल्ले वाचण्याजोगी असतात. मात्र व्यंग पायात दिसले तरी त्याचे मूळ बहुधा खाद्यात, उबवणीत अथवा पायांखालच्या जमिनीत असते, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

या सत्याचा प्रख्यात दाखला जावा बेटावरील बटाव्हिया येथे मिळाला. डच वैद्य ख्रिस्तियान आइकमान तेथे बेरीबेरी या रोगाचे संशोधन करीत असता त्यांच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले, आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीअंती असे निघाले की, मधल्या मुदतीत त्यांना लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातील उरलेला सडीक तांदळाचा भात मिळत होता, आणि पुढे आलेल्या नव्या स्वयंपाक्याने लष्करी भात मुलकी कोंबड्यांना देण्यास साफ नकार दिला होता! तांदळाच्या कोंड्याबरोबर जे पोषक द्रव्य फेकले जाते, त्याच्या अभावी पाय लुळे पडतात, या बोधाचा उगम येथे आहे. आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातील विल्गस, नॉरिस व ह्यूसर यांनी १९३६ साली दाखवून दिले की, घोट्यावरील कंडरा जागेवरून निसटण्याच्या विकारास खाद्यातील मँगॅनीजची न्यूनता कारणीभूत होते.

आता प्रत्यक्ष व्यंगांचा विचार करू. सर्वांत साध्य ते फाकलेले पाय. उबवणीतील उष्णता वा आर्द्रता बिघडली, किंवा पिल्लांखाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरले, म्हणजे कोवळे पाय दोन्ही बाजूंस घसरतात. पहिल्या दोनतीन दिवसांत इलाज केल्यास गुण बहुधा येतो: मऊ चिकटपट्टीच्या बंधाने दोन्ही पाय नैसर्गिक अंतरावर जोडावे, खाली खडबडीत कापड घालावे, आणि पाय झपाट्याने वाढत असल्याने बंध रोज तपासून आवळत असल्यास सैल करावा. बहुधा तीनचार दिवसांत पिल्लू बंधावाचून चालू लागते.

बोटे आत वळली असतील व पिल्लू घोट्यांवर बसत असेल, तर रायबोफ्लेव्हिन या जीवनसत्त्वाच्या अभावाची शंका घ्यावी, आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने पाण्यातून ब गटातील जीवनसत्त्वे सत्वर द्यावीत. विलंब झाल्यास मज्जातंतूंची हानी कायमची ठरते. केवळ जन्मतः वाकड्या बोटांस पुठ्ठ्याचा लहानसा तळवा चिकटपट्टीने बांधणे पुरेसे होते. चोच रबरासारखी मऊ व हाडे लवचीक झाल्यास तो मुडदूस समजावा. ड३ जीवनसत्त्व, कॅल्शियम व फॉस्फरस यांचे प्रमाण खाद्यात सुधारावे आणि कोवळ्या उन्हाची तजवीज करावी. येथे काचेतून आलेले ऊन उपयोगी पडत नाही, कारण आवश्यक ते किरण काच अडवते. घोट्यावरील कंडरा निसटून पाय पिळला गेला असेल, तर मात्र मँगॅनीज दिल्याने ते पिल्लू पूर्ववत होत नाही. बाकीच्या पिल्लांचे रक्षण तेवढे होते.

शुश्रूषेत पाचच गोष्टी मुख्य आहेत. अधू पिल्लू गर्दीतून वेगळे काढावे, पण सोबतीस एक शांत भावंड ठेवावे, कारण एकाकी पिल्लू खाणे सोडते. पाणी उथळ बशीत, गोटे घालून ठेवावे. दाणा चोचीच्या टप्प्यात असावा. खाली अंथरलेला तूस कोरडा राहावा. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सियस ऊब द्यावी व पुढे दर आठवड्यास ती तीन अंशांनी कमी करावी.

तथापि खरा शहाणपणा प्रतिबंधात आहे. उबवणीयंत्रात ३७.५ अंशांच्या आसपास तापमान राखणे, पिल्लांना अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे अतिकॅल्शियमयुक्त खाद्य न देता पिल्लांचेच ताजे खाद्य देणे, आणि मॅरेक या विषाणुजन्य रोगाची लस पहिल्याच दिवशी टोचणे, एवढे पथ्य पाळल्यास बहुतेक व्यंगे उद्भवतच नाहीत. इतके करूनही ज्याचे हाल थांबत नाहीत, त्याची वेदनारहित सुटका पशुवैद्याकडून करावी, आणि जन्मतः पाय वाकडे असलेला पक्षी बरा झाला तरी पैदाशीस ठेवू नये. वाचकांस विनंती एवढीच की, एखादे पिल्लू लंगडताना दिसताच त्यास टाकाऊ ठरवण्यापूर्वी आपल्या खाद्याची व अंथरुणाची चौकशी त्याच दिवशी करावी.