शस्त्रक्रियेनंतरचं हृदय (लेखांक ६) : यात्रेतल्या पाळण्यात बसावं का?

जिने कधी चढावेत, दुचाकी कधी हाती घ्यावी, हे मागच्या लेखांकात पाहिलं. आजचा प्रश्न दवाखान्यात फारसा कुणी विचारत नाही. तो यात्रेतच पुढ्यात येतो. गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली विट्याची कुटुंबं यात्रेला गावी येतात. खरसुंडीला सिद्धनाथाचं, रेणावीला रेवणसिद्धाचं दर्शन झालं की पोरं पाळण्याकडे, ब्रेक डान्सकडे ओढतात. सुट्टी उरली असेल तर खोपोलीच्या इमॅजिकाचा बेत ठरतो. मग बायपास झालेल्या आजोबांनी किंवा लहानपणी हृदयाचं छिद्र बुजवलेल्या नातीने बसावं की नाही?

अशा खेळण्यात हृदयावर ताण येतो तो मुख्यतः भीतीचा. जर्मनीत मानहाइमच्या डॉक्टरांनी ५५ निरोगी स्वयंसेवकांना रोलर कोस्टरमध्ये बसवून त्यांचा ईसीजी नोंदवला. ते निष्कर्ष २००७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. जेमतेम दोन मिनिटांच्या फेरीत मिनिटाला नव्वदीच्या आसपास असलेले ठोके सरासरी दीडशेपार गेले. चालताना ठोके हळूहळू चढतात, इथे काही सेकंदांत उसळतात. अ‍ॅड्रेनालिनमुळे रक्तदाबही त्यांच्यासोबत वाढतो.

दुसरा ताण वेगाचा. झपकन खाली येऊन वर वळताना अंगाचं वजन कित्येक पट वाढल्यासारखं वाटतं आणि रक्त पायांकडे ओढलं जातं. निरोगी हृदय ठोके वाढवून ते सावरतं. बीटा ब्लॉकरची गोळी घेणाऱ्याचे ठोके तेवढे वाढत नाहीत, त्यातून रक्तदाबाच्या गोळ्या रक्तवाहिन्या सैल ठेवतात. अशा माणसाला खेळण्यातून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते.

म्हणून ‘ऑपरेशन झालंय का?’ एवढं विचारून भागत नाही. ऑपरेशन कसलं झालं आणि त्यानंतर हृदयात काय उरलं, ते पाहावं लागतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते. त्यातून हृदयाचं छिद्र सापडून मोफत शस्त्रक्रिया झालेली मुलं आज गावोगाव आहेत. छिद्र पूर्ण बुजलं असेल, फुप्फुसांतला रक्तदाब आणि ठोक्यांची लय ठीक असेल, तर यातल्या बहुतेक मुलांना जन्मभर पाळण्याखाली उभं करण्याचं कारण नाही. गुंतागुंतीची शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचं उत्तर मात्र त्याच्या हृदयतज्ज्ञानेच द्यायचं.

बायपासमध्ये छातीचं मधलं हाड कापून तारेने बांधलेलं असतं. ते जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर छातीवर दाबणारा लोखंडी दांडा आणि हिसके टाळायलाच हवेत. पुढेही चालताना छाती भरून येत असेल किंवा हृदयाची पंपिंगची ताकद कमी असेल, तर मोठी राइड नकोच.

धातूची झडप बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी कायम घ्यावी लागते. त्यांना मानेच्या आणि डोक्याच्या हिसक्याने मेंदूभोवती रक्तस्राव होण्याचा धोका असतो. त्यांनी गरगर फिरवणाऱ्या, आदळणाऱ्या खेळण्यांत बसूच नये.

नवा पेसमेकर असेल तर वायर पक्क्या बसेपर्यंत थांबावं. शॉक देणारं यंत्र बसवलेल्यांना आणखी एक धोका आहे : भीतीने वाढलेले ठोके घातक समजून ते यंत्र झटका देऊ शकतं.

स्टेंटवाल्यांचा एक गैरसमज असतो, की हिसक्याने स्टेंट निसटेल. तो निसटत नाही. तो रक्तवाहिनीच्या भिंतीत दाबून बसवलेला असतो आणि पुढे त्यावर आतलं अस्तर चढतं. मात्र स्टेंटच्या पलीकडे आणखी अडथळा उरला असेल तर भीतीचा ताण हृदयाला सोसावा लागतो.

थीम पार्कात मोठ्या राइडच्या तोंडाशी हृदयरुग्णांसाठी सूचना लावलेली असते. यात्रेत तिकीट काढलं की डब्यात बसायचं, कुणी काही विचारत नाही. मोठा पाळणा संथ म्हणून निर्धोक वाटतो. पण एकेक डबा भरताना तो थांबत थांबत फिरतो आणि वर अडकलेल्या माणसाला हवं तेव्हा उतरता येत नाही. जिभेखालची गोळी खाली पिशवीत राहिली असेल तर तिचा उपयोग काय?

तेव्हा निर्णय तिकिटाच्या खिडकीपाशी घेऊ नका. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा फाइल पुढे ठेवून चार गोष्टी विचारा : पंपिंग किती टक्के आहे, ठोक्यांची लय कशी आहे, एखादा अडथळा उरलाय का, आणि माझ्या गोळ्या चालू असताना कोणतं खेळणं चालेल? ट्रेडमिलची चाचणी चांगली आली म्हणजे सगळं मोकळं असं समजू नका. त्या चाचणीत दम मोजला जातो, धास्ती मोजली जात नाही.

परवानगी मिळाली तरी पोट भरून किंवा उन्हात तहानलेलं बसू नये. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घाम, भोवळ यांतलं काहीही झालं तर ताबडतोब १०८ला फोन लावावा. आणि परवानगी नसेल तर ते नातवंडांना सरळ सांगावं; भीड पडली म्हणून डब्यात बसू नये.

पुढच्या लेखांकात : रक्त पातळ करणारी गोळी आणि आपलं रोजचं ताट.