खुराडं साफ करताना क्रम चुकवू नका

जानेवारी २०२५ मध्ये आपल्या उरणच्या चिरनेर गावात बर्ड फ्लू आला, तेव्हा परसातल्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. ओली विष्ठा आणि सांडलेलं खाद्य असेल तिथे किडे, उंदीर, कावळे येतात. त्यांच्यासोबत रोगही येऊ शकतो. म्हणून पावसाची उघडीप बघून हे करा:

१) तोंडाला रुमाल बांधा. कोंबड्या बाहेर काढून विष्ठा आणि जुनं तूस आधी खरवडून काढा. घाणीवर मारलेलं औषध वाया जातं.

२) साबणाच्या पाण्याने घासून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. मग भिंतींना चुना लावा, खाली दोन-तीन इंच कोरडं तूस पसरा.

३) रक्त पिणारे बारीक लाल किडे दिवसा फळ्यांच्या फटीत लपतात. रात्री बॅटरी मारून बसायची दांडी तपासा. दिसले तर औषध फटीत गेलं पाहिजे. अंड्यांतून नवे किडे निघतात, म्हणून ७ ते १० दिवसांनी पुन्हा मारा. औषध पशुवैद्यकांना विचारूनच घ्या. भाजीवर फवारायचं औषध खुराड्यात नको.

४) उरलेलं खाद्य संध्याकाळी झाकणाच्या डब्यात ठेवा. उंदरांची भोकं बारीक जाळीने बुजवा.

अचानक जास्त कोंबड्या मेल्या तर उघड्या हाताने उचलू नका, खाडीत-ओढ्यात टाकू नका, विकूही नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ वर फोन करा.

– कृषी सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी