शेवटचे बरे कधी होते?

वॉर्डातले दिवस : लेखांक ७

मागच्या आठवड्यात गुडघ्यावर ठोकायच्या हातोडीबद्दल लिहिलं होतं. पण मेंदूविकार विभागातल्या माझ्या महिन्याभरात हातोडीपेक्षा जास्त कामी आला तो एक प्रश्न : शेवटचे बरे कधी होते?

माझ्या गावाजवळच्याच एका खेड्यातले साठीतले शेतकरी सकाळी साडेसातला लातूरला आले. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात-पाय लुळा, शब्द फुटेना. आमच्याकडे याला 'वारं गेलं' म्हणतात. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला की शरीराची उजवी बाजू जाते आणि बहुतेकांची भाषाही डावीकडेच असल्यानं बोलणंही जातं. पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ज्या रुग्णावरून मेंदूतली बोलण्याची जागा ओळखली, त्याला 'तान' एवढाच उच्चार उरला होता.

सून म्हणाली, "रात्री नवाला जेवून रानात गेले, तव्हा चांगले होते."

म्हणजे साडेदहा तास. रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात. मेंदूजवळ प्राणवायूचा साठा जवळपास नसतोच. मोठी रक्तवाहिनी बंद पडली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा एक अंदाज आहे. उशीर झाला की वाचवण्यासारखं कमी उरतं आणि मेलेल्या भागात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. निवडक रुग्णांची गुठळी तारेनं ओढून काढता येते, तीही २४ तासांपर्यंत. पण ती सोय मोठ्या शहरांतच.

तेवढ्यात केसपेपर काढायला गेलेला मुलगा आला. त्याला मी पुन्हा विचारलं, "दादा, रात्री नंतर बोलणं झालं का?"

"झालं की. लाईट रात्रीचीच असती. मोटार चालू झाली म्हणून फोन केलता."

फोन काढला. ४ वाजून २० मिनिटं. दोन मिनिटं नीट बोलले होते. सहाला चहा घेऊन गेला तेव्हा ते मोटारीपाशी पडलेले. घड्याळ रात्री नऊपासून नव्हे, ४.२० पासून मोजायचं होतं. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. असता तर हेच औषध जिवावर बेतलं असतं. ८ वाजून २५ मिनिटांनी इंजेक्शन गेलं.

मी सास्तूरचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर जन्मलेला, तरी पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं मला पाठ आहेत. आमच्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. मिनिट लक्षात ठेवणं माझ्या गावाला शिकवावं लागत नाही. लकव्याला मात्र वेळ असते, हेच आजवर कुणी सांगितलेलं नाही. म्हणून लोक आधी तेलानं चोळतात, कुठे कबुतराचं रक्त लावतात, दुपारपर्यंत वाट बघतात. मी त्यांना अडाणी म्हणणार नाही. वारं गेलं की माणूस गेल्यातच जमा, हे त्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिलंय. घाई कशासाठी करायची?

पाचव्या दिवशी त्या काकांनी उजवा हात छातीपर्यंत उचलला. 'पाणी' स्पष्ट म्हणाले. पाय अजून ओढतो, मोटारीपर्यंत एकटं जाणं जमेल का ते आत्ताच सांगता येणार नाही. इंजेक्शन मिळूनही काही जणांना एवढंही मिळत नाही.

तुमच्या घरी कुणाचं तोंड एकाएकी वाकडं झालं, हात खाली पडू लागला, बोलणं अडखळलं, तर आधी घड्याळ बघा. शेवटचं नीट कोण, किती वाजता बोललं ते विचारून कागदावर लिहा. तोंडात पाणी, गोळी काही घालू नका. १०८ ला फोन करा, सीटी स्कॅन कुठे आहे ते विचारून थेट तिथेच न्या आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.