सलाईनची बाटली : द्रावणाचा नव्हे, साधनांचा इतिहास

प्रास्ताविक

ग्रामीण महाराष्ट्रातील दवाखान्यात अशक्तपणाची तक्रार घेऊन आलेला रुग्ण अनेकदा स्वतःच 'एक सलाईन लावा' अशी मागणी करतो. सलाईन लावले म्हणजे अंगात ताकद येते, ही समजूत समाजात खोलवर रुजलेली आहे. वस्तुस्थिती तपासली तर ५०० मिलिलिटरच्या साध्या सलाईनमध्ये पाण्याखेरीज केवळ साडेचार ग्रॅम मीठ असते. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच द्रावणात २५ ग्रॅम साखर असते. तिच्यापासून मिळणारी ऊर्जा एका मध्यम आकाराच्या केळ्याइतकी. ताकदीचा प्रश्न तेथेच निकालात निघावा.

परंतु यातूनच एक वेगळा प्रश्न उपस्थित होतो. द्रावण इतके साधे, आणि पटकीच्या रोग्याच्या शिरेत ते सोडल्यास मरणोन्मुख माणूस उठून बसतो हे १८३२ मध्येच दिसून आले होते. असे असूनही सर्वसामान्य रुग्णालयाच्या वॉर्डात सलाईनची तयार बाटली टांगली जाण्यास १९३० नंतरचा काळ उजाडावा लागला. मधल्या शंभर वर्षांत द्रावणात लहानमोठे बदल झाले. सिडनी रिंगर यांनी १८८० च्या दशकात त्यात कॅल्शियम व पोटॅशियमचे क्षार घातले. अलेक्सिस हार्टमन यांनी १९३० च्या दशकात लॅक्टेटची भर घातली, आणि आजचे 'आर.एल.' तयार झाले. तथापि विलंबाचे मूळ द्रावणात नव्हते. ते द्रावण ठेवायचे कशात, शिरेपर्यंत न्यायचे कसे आणि निर्धोक राखायचे कसे, या प्रश्नांत होते. प्रस्तुत लेखात याच साधनांचा विचार केला आहे.

लीथ, मे १८३२

१८३१ च्या अखेरीस पटकीची साथ इंग्लंडच्या सुंदरलँड बंदरात पोहोचली. विल्यम ओ'शॉनेसी हा अवघ्या बावीस वर्षांचा आयरिश डॉक्टर तेथे गेला आणि त्याने रुग्णांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण केले. रक्तातील पाणी आणि क्षार फार मोठ्या प्रमाणात घटलेले आहेत, असे त्याला आढळले. गेलेले पाणी व क्षार परत द्यावेत, ही सूचना त्याने केली. मात्र रुग्णांवर तिचा प्रयोग त्याने स्वतः केला नाही. (हाच ओ'शॉनेसी १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत कलकत्त्यास आला आणि पुढे भारतातील तारायंत्राच्या उभारणीचा प्रमुख झाला. वैद्यकाच्या इतिहासात त्याची आठवण थोडी, तारखात्याच्या इतिहासात अधिक.)

प्रयोग केला तो एडिंबरोजवळील लीथ येथील डॉक्टर थॉमस लाटा यांनी. सर्व उपचार थकलेल्या एका वृद्धेच्या हातातील शिरेत त्यांनी नळी घातली आणि पिचकारीने मीठ व सोडा मिसळलेले कोमट पाणी हळूहळू सोडण्यास सुरुवात केली. प्रारंभी काहीच घडले नाही. नंतर बुडालेली नाडी हाताला लागू लागली, खोल गेलेल्या डोळ्यांत तेज आले, आवाज परतला. एकंदर सहा पाइंट, म्हणजे सुमारे तीन लिटर द्रव गेल्यावर धोका टळला असे समजून लाटा यांनी रुग्णाला रुग्णालयातील निवासी डॉक्टरांच्या हवाली केले. थोड्याच वेळात जुलाब आणि उलट्या पुन्हा सुरू झाल्या. शिरेवाटे पुन्हा द्रव देण्यात आला नाही, आणि साडेपाच तासांत ती दगावली.

या घटनेचा एक अर्थ उपचार अपयशी ठरला असा काढला गेला. दुसरा अर्थ असा की उपचार बरोबर होता, फक्त तो थांबवायला नको होता. लाटा यांना हा दुसरा अर्थ उमगला होता आणि पुढील काही रुग्णांत त्यांनी द्रव पुन्हापुन्हा देऊन जीव वाचवलेही. पण येथेच साधनांची उणीव आडवी येते. पिचकारी सतत कोणीतरी दाबत बसावी लागे. शिरेत अडकवलेली नळी तासन्तास टिकत नसे. पाणी उकळून निर्जंतुक करावे ही कल्पनाच अस्तित्वात नव्हती, कारण जंतुसिद्धांत अजून तीन दशके दूर होता. जे रुग्ण तत्काळ वाचले त्यांपैकी काहींना नंतर ताप व विषबाधा झाली असणार, हे आजच्या ज्ञानावरून सहज समजते. लाटा १८३३ मध्ये निधन पावले, साथ ओसरली, आणि ही पद्धत मागे पडली.

पिचकारी आणि गुरुत्वाकर्षण

शरीरात सुईवाटे औषध पोहोचवण्याचे श्रेय सामान्यतः १८५३ या वर्षाला दिले जाते. त्या वर्षी एडिंबरोचे अलेक्झांडर वुड आणि फ्रान्समधील शार्ल प्राव्हाझ यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे पिचकारी व पोकळ सुई यांची सांगड घातली. परंतु डब्लिनच्या फ्रान्सिस रिंड यांनी १८४४ मध्येच पोकळ सुईने वेदनाशामक द्रव त्वचेखाली सोडला होता. त्यांच्या उपकरणाला दट्ट्या नव्हता. द्रव स्वतःच्या भाराने उतरत असे. इतिहासाने दट्ट्याचा गौरव केला, पण सलाईनच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरले ते रिंड यांचे तत्त्व. पिचकारीला माणूस लागतो. उंचीवर टांगलेल्या भांड्याला लागत नाही.

यामागील भौतिकी अगदी प्राथमिक आहे. एक मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पाऱ्याच्या सुमारे ७४ मिलिमीटरइतका दाब निर्माण करतो. हातातील शिरेतील दाब साधारणतः दहा मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणून द्रव आत जातो. बाटली रुग्णाच्या हातापेक्षा खाली आली की प्रवाह उलटतो आणि नळीत रक्त चढलेले दिसते. प्रवाहाचा वेग मात्र केवळ उंचीवर अवलंबून नसतो. फ्रेंच डॉक्टर प्वाझय यांनी १८४० च्या दशकात दाखवून दिले की, अरुंद नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या पटीत बदलते. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. अपघातात रक्तस्राव झालेल्या रुग्णाला आखूड व जाड सुई का लावतात, याचे उत्तर या नियमात आहे.

प्रवाह सुरू झाला तरी तो मोजायचा कसा, हा प्रश्न उरतोच. न्यू ऑर्लिन्सचे शल्यविशारद रुडॉल्फ मातास यांनी १९२४ मध्ये शिरेतून अखंड ठिबक पद्धतीने द्रव देण्याविषयी लिहिले. बाटली व नळी यांच्यामध्ये एक लहान पारदर्शक कक्ष ठेवला की द्रव त्यात थेंबाथेंबाने पडतो आणि डोळ्यांना मोजता येतो. आज 'ड्रिप चेंबर' म्हणून ओळखला जाणारा हा भाग उपकरणातील सर्वांत साधा आणि कदाचित सर्वांत चतुर भाग आहे. त्याला वीज लागत नाही, काटा लागत नाही. नेहमीच्या संचात वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचे असल्यास दहा हजार थेंब २४० मिनिटांत पडले पाहिजेत, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२. लहान मुलांसाठीच्या संचात मिलिलिटरमागे साठ थेंब पडतात. त्यामुळे मिनिटाला जितके थेंब तितकेच तासाला मिलिलिटर, असा सोयीचा हिशेब जमतो. परिचारिकेने घड्याळाकडे पाहत थेंब मोजावेत हे दृश्य इलेक्ट्रॉनिक पंपांच्या काळातही आपल्या शासकीय रुग्णालयांतून नाहीसे झालेले नाही.

पाण्यातील ताप

विसाव्या शतकाच्या आरंभी जंतुसिद्धांत सर्वमान्य झाला होता आणि पाणी उकळून घेतले जात होते. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी पटकीच्या रोग्यांना अधिक तीव्र क्षारद्रावण शिरेवाटे देऊन, पूर्वी निम्म्याहून अधिक रुग्ण मरत तेथे मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर आणले. लाटा यांच्या प्रयोगानंतर पाऊणशे वर्षांनी ही पद्धत पुन्हा प्रतिष्ठित झाली ती भारतात, हे नोंद घेण्याजोगे आहे. तरीही एक कोडे डॉक्टरांना छळत होते. निर्जंतुक द्रावण दिल्यावरही काही रुग्णांना हुडहुडी भरून तीव्र ताप येई. कोणी दोष मिठाला देत, कोणी औषधाला.

हे कोडे फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी सोडवले. येल विद्यापीठात पीएच.डी.साठी संशोधन करताना त्यांनी १९२३ मध्ये दाखवले की, दोष पाण्यात आहे. जंतू उकळल्याने मरतात. परंतु त्यांच्यापासून आलेले ज्वरजनक द्रव्य उकळूनही नष्ट होत नाही. ऊर्ध्वपातित पाण्यात ते असण्याचे कारण नव्हते, कारण ते वाफेबरोबर जात नाही. मग ते येत होते कोठून? पाणी जोराने उकळताना उडणारे सूक्ष्म तुषार वाफेच्या झोताबरोबर पलीकडच्या भांड्यात वाहून जात होते. सायबर्ट यांनी उपकरणात हे तुषार अडवणारा एक काचेचा सापळा बसवला आणि ताप येणे थांबले. काचेच्या नळीला दिलेल्या एका वळणाने जे साधले, ते त्यापूर्वीच्या औषधविषयक वादविवादांनी साधले नव्हते. (पुढे क्षयरोगाच्या चाचणीसाठी लागणारे शुद्ध ट्यूबरक्युलिन त्यांनीच वेगळे केले, मँटू चाचणीत आजही त्याच प्रकारचे द्रव्य वापरतात.)

यानंतर कारखान्यात द्रावण तयार करून दूरच्या रुग्णालयात पाठवणे शक्य झाले. अमेरिकेत डॉन बॅक्स्टर यांच्या द्रावणांच्या वितरणासाठी १९३१ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि निर्वात काचेच्या बाटल्या बाजारात आल्या. प्रत्येक रुग्णालयाने आपापले पाणी शुद्ध करीत बसण्याची गरज संपली.

बाटलीतील हवा

काचेच्या बाटलीने एक प्रश्न सोडवताना दुसरा निर्माण केला. बाटलीच्या भिंती कडक असतात. द्रव खाली उतरू लागला की वर पोकळी निर्माण होते आणि काही वेळात प्रवाह थांबतो. म्हणून बाटलीत हवा शिरण्यासाठी मार्ग ठेवावा लागतो. म्हणजेच ज्या द्रवाला निर्जंतुक राखण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यातच वॉर्डातील हवा सोडावी लागते. रक्त जलद देण्यासाठी बाटलीत हवेचा दाब दिला तर हवा शिरेत जाऊन मृत्यू ओढवण्याचा धोका आणखी वेगळा.

बाटलीच्या मर्यादा १९७० च्या सुमारास प्रकर्षाने पुढे आल्या. १९७०-७१ मध्ये अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत रक्तात जंतुसंसर्ग झालेले रुग्ण आढळू लागले. शोध घेता घेता तपास बाटलीच्या झाकणाच्या आतील अस्तरापर्यंत पोहोचला. १९७२ मध्ये इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट येथे दूषित ग्लुकोज द्रावणाचा काही रुग्णांच्या मृत्यूशी संबंध आढळला. चौकशीत दिसून आले की, निर्जंतुकीकरण यंत्राच्या तळाशी हवा अडकून राहिल्याने खालच्या बाटल्या पुरेशा तापल्याच नव्हत्या. नोंद घेणारे तापमापक ते दाखवतही होते. तापमापकच बिघडले असावे असे मानले गेले.

काचेला पर्याय तोवर तयार होता. बॉस्टनचे शल्यविशारद कार्ल वॉल्टर यांनी १९५० च्या सुमारास रक्तासाठी प्लॅस्टिकची लवचिक पिशवी तयार केली. पिशवी रिकामी होते तशी ती चपटी होते. हवेची गरजच राहत नाही. घाईच्या वेळी ती हाताने दाबली तरी शिरेत हवा जाण्याची भीती नाही, आणि पडली तरी फुटत नाही. १९७० नंतर सलाईनही अशा पिशव्यांत मिळू लागले. याच सुमारास सुईचाही प्रश्न मार्गी लागत होता. लोखंडी सुई हात हलताच शीर भेदून बाहेर जाई, म्हणून हात लाकडी फळीला बांधून ठेवत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९५० मध्ये सुईवर प्लॅस्टिकची नळी चढवण्याची कल्पना पुढे आली : सुई काढून घ्यायची, नळी शिरेत ठेवायची. आजची कॅन्युला ती हीच. भारतात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने १९८० च्या दशकात रक्तपिशवीचे देशी तंत्र विकसित करून उद्योगाकडे सोपवले, त्यामुळे आयातीवरील अवलंबन कमी झाले.

पिशवीही निर्दोष नाही. पीव्हीसी मऊ करण्यासाठी मिसळलेले रसायन द्रवात उतरते. नायट्रोग्लिसरीन, इन्शुलिन यांसारखी औषधे तिच्या भिंतीला चिकटून राहतात. आपल्याकडे तर अर्धवट लवचिक प्लॅस्टिकच्या बाटल्या अधिक प्रचलित आहेत. त्या पूर्ण चपट्या होत नाहीत. द्रव अडला की वरच्या बाजूस एक सुई खुपसून हवा आत घेण्याची रीत सर्रास आढळते. बंदिस्त द्रवव्यवस्थेचा सारा हेतू त्या एका सुईने निष्फळ होतो, आणि ती खुपसणाऱ्यास याची जाणीव क्वचितच करून दिलेली असते.

बनगाव, १९७१

या सर्व प्रगतीनंतरही साधनांअभावी काय होते, याचा प्रत्यय १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे आला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या लाखो निर्वासितांत पटकी पसरली होती. डॉ. दिलीप महालनबीस यांना तेथील रुग्णालयात जमिनीवर पडलेल्या रुग्णांच्या विष्ठा-वांतीत गुडघे टेकून सलाईन लावावे लागत होते. सलाईनचा साठा पाहता पाहता संपत आला, आणि ते लावू शकणारी माणसेही पुरेशी नव्हती. द्रावण ज्ञात होते, बाटली ज्ञात होती. सीमेवरच्या त्या गावात ती हाताशी नव्हती.

ग्लुकोजच्या सोबतीने आतडे सोडियम व पाणी शोषून घेते, हे प्रयोगशाळेत आणि नियंत्रित चाचण्यांत तोवर सिद्ध झाले होते. महालनबीस यांनी त्यावर विसंबून एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण कलकत्त्यात तयार करवून घेतले. प्लॅस्टिकच्या पुड्या गरम इस्त्रीने बंद करण्यात आल्या. बनगावला हे मिश्रण तोटी असलेल्या पिंपांत पाण्यात विरघळवून ठेवले जाई आणि रुग्णांचे नातेवाईक पेल्याने ते पाजत. निर्वासितांतील पटकीचा मृत्युदर सुमारे ३० टक्के असताना, या पद्धतीने उपचार झालेल्यांत तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास आला. शिरेवाटे द्यावयाचे द्रावण अजिबात बंद केले गेले नाही; नाडी लागत नसलेल्या, पिण्याची शुद्ध नसलेल्या रुग्णांसाठी उरलेल्या बाटल्या राखून ठेवण्यात आल्या, आणि असा रुग्ण पेला हातात धरू लागला की त्याची बाटली शेजारच्या रुग्णाच्या कामी येई.