‘ड’ जीवनसत्त्व, सुधाभस्मे आणि हृद्रोगी

मधुमेह, उच्च रक्तदाब वा मूत्रपिंडाचे जीर्ण विकार असणाऱ्या रुग्णांत ‘ड’ जीवनसत्त्व कमी आढळणे ही नित्याची बाब आहे. ते कमी असणाऱ्यांत हृद्रोगाचे प्रमाण अधिक असते, हेही अनेक निरीक्षणांतून दिसले. त्यावरून हे जीवनसत्त्व दिले की हृदयाचे रक्षण होते, असा समज रूढ झाला.

परंतु लक्षण आणि हेतू यांतील भेद वैद्यांना नव्याने सांगावयास नको. दीर्घकाळ आजारी मनुष्य उन्हात जात नाही. म्हणजे ही न्यूनता व्याधीचा परिणामही असू शकते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘व्हायटल’ अभ्यासात २५,८७१ व्यक्तींपैकी निम्म्यांना रोज २००० एकके सुमारे पाच वर्षे देण्यात आली. हृद्रोगाचे प्रमाण घटले नाही. त्यांतील बहुतेकांत न्यूनता नव्हती, हे खरे. तथापि जपानमध्ये रक्तशुद्धीकरणावरील ९७६ रुग्णांच्या अभ्यासातही (२०१८) अल्फाकॅल्सिडॉल या त्याच्या कार्यक्षम वर्गातील औषधाने हृदयास लाभ झाला नाही.

अस्थी व मांस यांच्या बलासाठी न्यूनता भरून काढणे योग्यच आहे. प्रश्न मात्रेचा व कालावधीचा आहे. ६०,००० एककांची पुडी आठवड्यास एक, ही मात्रा सामान्यतः आठ आठवड्यांपुरती असते. तीच तपासणीविना वर्षभर चालू राहिली, तर रोजची सरासरी साडेआठ हजार एककांवर जाते. प्रौढांसाठी दीर्घकालीन सुरक्षित मर्यादा ४००० मानली जाते. हे जीवनसत्त्व मेदात साठते, म्हणून औषध थांबविल्यावरही परिणाम काही महिने टिकू शकतो.

येथे आपली जबाबदारी सुरू होते. प्रवाळ, शंख, मुक्ताशुक्ती, वराटिका, गोदंती ही सुधावर्गातील द्रव्ये कॅल्शियमयुक्त आहेत. ‘ड’ जीवनसत्त्वामुळे आंत्रातून कॅल्शियमचे शोषण वाढते. अम्लपित्तासाठी दिलेले शंखभस्म आणि अन्यत्र लिहून दिलेली पुडी एकाच रुग्णाच्या पोटात एकत्र येतात, आणि दोन्ही चिकित्सकांना त्याची कल्पना नसते. मूत्रपिंड दुर्बल असल्यास रक्तातील कॅल्शियम व फॉस्फरस यांचे संतुलन बिघडून धमन्यांच्या भिंतींत चुना साठू लागतो. डिजॉक्सिन घेणाऱ्यात वाढलेले कॅल्शियम हृद्गती बिघडवू शकते. थायाझाइड वर्गातील मूत्रल औषधे कॅल्शियम शरीरात रोखून ठेवतात.

तृष्णा, बहुमूत्रता, मलावष्टंभ, हृल्लास व दौर्बल्य ही कॅल्शियमवृद्धीची लक्षणे आहेत. मधुमेह्यात ती प्रमेहवृद्धी समजून दुर्लक्षिली जाण्याचा धोका असतो. अशा वेळी रक्तशर्करेबरोबर कॅल्शियम व क्रिएटिनिनही तपासावे.

वैद्यांनी सुधाभस्म योजण्यापूर्वी ‘आठवड्याची पुडी घेता का?’ हा एक प्रश्न अवश्य विचारावा. औषधालयचालकांनी जुन्या चिठ्ठीवर पुडी पुन:पुन्हा देऊ नये. मूत्रपिंडविकारी रुग्णास भस्म देताना त्याच्या चिकित्सकाचे मत घेण्यास सांगावे. आतपसेवनाने या जीवनसत्त्वाचा अतियोग होत नाही. शक्य त्यांना तो मार्ग आधी सुचवावा. पुडी आणि भस्म यांची मात्र एकत्र नोंद हवी. दोन हितकर औषधांचा अविचारी संयोग अहितकर ठरू नये, एवढी दक्षता आपल्या हाती आहे.